हीटर गार, दोष झाकणात

पहाटे निघालो तेव्हा समोरच्या काचेवर वाफ धरली होती. हीटर लावला. ब्लोअर जोरात चालू झाला, पण हवा थंडगार. वीस मिनिटं गाडी चालवली तरी तीच. मात्र वेग धरला की हवा जराशी कोमट लागायची आणि सिग्नलला थांबलो की पुन्हा गार पडायची. त्या वेळी याचा अर्थ कळला नाही, पण पुढे सगळं कोडं यावरच सुटलं.

गॅरेजमध्ये दाखवलं तर लगेच उत्तर आलं, "हीटर कोअर चोक झालाय, डॅशबोर्ड खोलावा लागेल." हीटर कोअर म्हणजे डॅशबोर्डमागे बसवलेला छोटा रेडिएटरच. इंजिनमधलं गरम कूलंट (इंजिनची उष्णता वाहून नेणारं द्रव) त्यातून फिरतं आणि ब्लोअर त्यावरून हवा आत ढकलतो. तो काढायचा म्हणजे बहुतेक गाड्यांत अर्धा डॅशबोर्ड बाहेर. एवढं खोलण्याआधी आपण नीट बघायचं ठरवलं.

आधी तापमानाचा काटा पाहिला. तो नेहमीसारखा मध्यावर येऊन स्थिर राहत होता. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटची रेडिएटरकडची वाट बंद ठेवणारी झडप, उघडाच अडकला असता तर इंजिन तापायलाच वेळ लागला असता आणि मोकळ्या रस्त्यावर काटा खाली आला असता. म्हणजे तो ठीक.

मग इंजिन तापवून बंद केलं, बॉनेट उघडलं आणि हीटरकडे जाणारे दोन रबरी पाइप जपून हाताने चाचपले. (पंख्यापासून हात लांबच ठेवा, काही गाड्यांत तो इंजिन बंद असतानाही फिरतो.) दोन्ही पाइप कडक गरम असतील तर कूलंट फिरतंय, दोष आत हवा वळवणाऱ्या झडपेत असतो. माझ्याकडे एक गरम आणि दुसरा जेमतेम कोमट निघाला. म्हणजे कोअरमधून प्रवाह नीट जात नव्हता. इथवर गॅरेजचं म्हणणं पटण्यासारखं होतं. पण कचरा साचून कोअर चोक झाला असेल, तर वेग वाढवल्यावर हवा कोमट का होईल? कूलंटच्या वाटेत हवा अडकली असेल किंवा कूलंट कमी असेल, तर मात्र इंजिनचे फेरे वाढले की कूलंट फिरवणारा पंप जोर लावतो आणि थोडं कूलंट कोअरपर्यंत पोचतं.

पण कूलंटची बाटली तर खुणेपर्यंत भरलेली होती!

दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना, रेडिएटरचं झाकण उघडलं. (गरम असताना ते कधीही उघडू नका. आतलं कूलंट दाबाखाली असतं, झाकण सुटताच उसळतं आणि हात-तोंड भाजतं.) आत पाहिलं तर कूलंटची पातळी तोंडापासून कितीतरी खाली.

आधी होतं त्याच मिश्रणाचं कूलंट भरलं, गाडीचं नाक चढावर वर ठेवलं, हीटर पूर्ण गरमवर ठेवून झाकण न लावता इंजिन चालू केलं. बराच वेळ बुडबुडे येत राहिले, पातळी खाली गेली की मी भर घालत राहिलो. बुडबुडे थांबले आणि आत कढत हवा आली. काय बरं वाटलं!

चार दिवसांनी पुन्हा गार. बाहेर गळती कुठेच नाही, पायाखालचं कार्पेट कोरडं म्हणजे हीटर कोअरही गळत नव्हता. एक्झॉस्टला पांढरा धूर नाही, तेलही दुधाळ नाही, म्हणजे कूलंट इंजिनच्या आत झिरपत असल्याची खूणही नव्हती. शेवटी झाकणच उलटं करून निरखलं. त्याच्या रबराला तडे गेले होते. इंजिन तापलं की जास्तीचं कूलंट झाकणातून बाटलीत जातं आणि गार होताना निर्वातामुळे परत खेचलं जातं. तडकलेलं रबर ते परत घेतच नव्हतं, त्याऐवजी हवा आत ओढत होतं. म्हणून बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा.

त्याच दाबाचं नवीन झाकण बसवलं, पुन्हा हवा काढली. तेव्हापासून दर आठवड्याला गार इंजिनवर पातळी तपासतो. ती तोंडापर्यंत असते आणि सिग्नलला थांबलो तरी हवा गरमच येते. डॅशबोर्डचा एक स्क्रूही खोलावा लागला नाही.

काही नव्या गाड्यांत रेडिएटरला झाकण नसतं, दाबाचं झाकण बाटलीलाच असतं. तिथे पातळी बाटलीतच खरी दिसते, त्यामुळे माझ्यासारखी फसगत होत नाही.