जुन्याच नोंदी, नवा गाभा

आपल्या शाळेच्या महोत्सवी अंकाच्या संपादक मंडळाने मला माझ्या कामाविषयी लिहायला सांगितले आहे. परंतु ग्रहांच्या अंतर्भागाचा अभ्यास करणारे आम्ही सर्व जण ज्यांच्या ऋणात आहोत, त्या डॅनिश भूकंपशास्त्रज्ञ इंगे लेहमान (1888–1993) यांच्याविषयी लिहिणे मला अधिक उचित वाटते, कारण त्यांच्या कर्तृत्वाचा पायाही एका शाळेतच घातला गेला. कोपनहेगनमधील हॅना आडलर यांच्या त्या शाळेत मुलगे शिवणकाम शिकत आणि मुली फुटबॉल खेळत. आपल्याकडे मात्र कार्यानुभवाच्या तासाला मुलींनी शिवण आणि मुलांनी सुतारकाम ही वाटणी मी दहावीला असेपर्यंत टिकून होती, हे महोत्सवाच्या आनंदातही नोंदवावेसे वाटते.

केंब्रिजमध्ये गणित शिकत असताना प्रकृती ढासळल्यामुळे लेहमान मायदेशी परतल्या, काही वर्षे विम्याची आकडेमोड करीत राहिल्या आणि भूकंपशास्त्राकडे वळल्या त्या 1925 मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी.

पृथ्वीचा गाभा द्रवरूप असून त्यात शिरताना प्राथमिक लहरी (भूकंपाच्या सर्वांत आधी पोचणाऱ्या लहरी) वळतात, त्यामुळे भूकंपाच्या केंद्रापासून, पृथ्वीच्या मध्याशी होणाऱ्या कोनात मोजल्यास, साधारण 104 ते 140 अंशांच्या पट्ट्यात त्या पोचत नाहीत, अशी तेव्हाची समजूत होती. या पट्ट्याला आम्ही छायाक्षेत्र म्हणतो. 1929 मध्ये न्यूझीलंडला झालेल्या मोठ्या भूकंपाच्या क्षीण लहरी मात्र याच क्षेत्रातील वेधशाळांच्या कागदांवर उमटल्या होत्या. गाभ्याच्या कडेवरून लहरी पसरत असतील, असे म्हणून इतरांनी तो विषय मिटवला होता. लेहमान यांनी मात्र भूकंपांच्या नोंदी कार्डांवर उतरवून ओटमीलच्या रिकाम्या खोक्यांत लावून ठेवल्या, लहरींच्या वेळा पुनःपुन्हा पडताळल्या आणि गाभ्याच्या आत आणखी एक गाभा मानला तरच हिशेब जुळतो, असे 1936 च्या निबंधात दाखवून दिले. त्या आतल्या गाभ्याची त्रिज्या सुमारे 1,220 किलोमीटर असल्याचे आज आपण जाणतो. निवृत्तीनंतरही त्यांचे संशोधन अनेक वर्षे चालू राहिले, आणि माझ्या मते ते उत्तरायुष्यातले काम अधिक अवघड होते.

आमच्या क्षेत्रात आजही हीच रीत चालते. चंद्रावर अपोलो मोहिमांनी ठेवलेल्या भूकंपमापक यंत्रांच्या नोंदी 1977 मध्ये थांबल्या, तरी त्यांच्या फेरतपासणीतून चंद्राला घन अंतर्गाभा असल्याचा निष्कर्ष 2011 मध्ये निघाला. मंगळाच्या गाभ्याची त्रिज्या 2021 मध्ये सुमारे 1,830 किलोमीटर ठरली होती. मंगळावरचे भूकंप नोंदवणारे इनसाइट यान 2022 च्या डिसेंबरात मूक झाले, आणि त्यानंतरच्या वर्षी, आधीच हाती असलेल्या नोंदी नव्याने वाचल्यावर, ती त्रिज्या दीडशेहून अधिक किलोमीटरने कमी करावी लागली.