तुम्ही विचारलंत म्हणून : ते सगळं एकट्या स्टॅन लींनी केलं का?

मार्व्हल कॉमिक्सचे लेखक-संपादक स्टॅन ली यांच्यावरचा 'स्टॅन ली' हा डेव्हिड गेल्ब यांचा २०२३चा माहितीपट पाहून झाला की हा प्रश्न हमखास येतो. फॅन्टास्टिक फोर, हल्क, स्पायडर-मॅन हे सगळं एकट्या लींचं का? नाही. पण माहितीपट पाहून ते नीट उमगत नाही, कारण तो जवळजवळ पूर्ण लींच्याच जुन्या ध्वनिमुद्रणांवर उभा आहे. ली बोलायचे फार छान. स्पायडर-मॅनचे चित्रकार स्टीव्ह डिटको यांनी मात्र १९६०च्या दशकानंतर मुलाखती देणं जवळपास बंदच केलं होतं आणि फॅन्टास्टिक फोर, हल्कचे चित्रकार जॅक कर्बी १९९४ साली गेले. १९८७च्या एका रेडिओ कार्यक्रमात ली आणि कर्बी यांचं श्रेयावरून बिनसतं, तो तुकडा यात आहे. तेवढा पुन्हा ऐका.

आधी कामाची पद्धत समजून घ्यायला हवी. एरवी लेखक चौकटीगणिक संहिता लिहितो आणि चित्रकार त्याबरहुकूम काढतो. 'मार्व्हल मेथड'मध्ये उलटं होतं. ली कथेचा गाभा सांगायचे, कधी टाइप करून, कधी नुसता बोलून. मग चित्रकार वीसेक पानांची कथा स्वतः रचायचा : कोणता प्रसंग किती चौकटींत, कोण कुठे येतो, मारामारी कशी संपते. पेन्सिलची पानं परत आली की ली संवाद लिहायचे, अक्षरकार संवादाचे फुगे भरायचा, त्यानंतर रेषांवर शाई, शेवटी रंग. म्हणजे संवाद लींचे, पण कथानकाचा मोठा भाग चित्रकाराच्या टेबलावर घडलेला. फॅन्टास्टिक फोरच्या ४८व्या अंकात (१९६६) कर्बींनी सिल्व्हर सर्फर हे पात्र आपल्या मनाने घातलं. पानं हातात पडेपर्यंत आपल्याला ते माहीत नव्हतं, हे लींनीच सांगितलेलं आहे. डिटकोंना स्पायडर-मॅनच्या कथानकाचं श्रेय अंकात छापून मिळायला १९६५ उजाडलं.

याचा पुरावा हाताने काढलेल्या मूळ पानांच्या समासात सापडतो. चौकटीत काय चाललंय, पात्र काय म्हणतंय, हे कर्बी कडेला पेन्सिलीने लिहून ठेवायचे. ती टीप आणि फुग्यातला संवाद शेजारी ठेवून वाचा. दोन्ही जुळले तर लींनी कर्बींचाच धागा पुढे नेला. फारकत दिसली तर कथा तिथे लींनी वळवली.

माहितीपटात हे का दिसत नाही? पान उभं, पडदा आडवा. १०८० पिक्सेल उंचीच्या पडद्यावर अख्खं पान बसवलं तर ते जेमतेम सातशे पिक्सेल रुंद उरतं आणि अक्षरं वाचता येत नाहीत. म्हणून कॅमेरा एकेका चौकटीत शिरतो आणि पहिला बळी समासाचा जातो. छापील अंकावरून चित्रण केलं तर समास मुळातच नसतो. शिवाय रंगांचे छापील ठिपके आणि पडद्याचे पिक्सेल एकमेकांत अडकून लाटांसारखी जाळी उमटते. खरं तर त्या काळातलं मूळ चित्र साधारण साडेबारा बाय साडेअठरा इंचांचं. ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) रंगीत स्कॅन केलं तर उंचीच अकरा हजार पिक्सेलवर जाते, म्हणजे समासातली बारीक अक्षरंही पडदाभर दाखवता येतात. कॉमिक्सकारावरच्या माहितीपटाने एवढं तरी करावं, असं मला मनापासून वाटतं.

अर्थात समास सगळंच सांगत नाही. कल्पना आधी कोणाला सुचली, ते दोघांच्या बोलण्यातच राहिलं. पानंही फार थोडी उरली आहेत. १९८७मध्ये कर्बींना मार्व्हलकडून हजारो पानांपैकी दोनेक हजारच परत मिळाली. २०१४मध्ये कर्बी कुटुंब आणि मार्व्हल यांच्यात हक्कांच्या वादात तडजोड झाली, तेव्हापासून 'स्टॅन ली आणि जॅक कर्बी' अशी जोडनावं श्रेयात नियमित दिसू लागली.

स्वतः पडताळायचं असेल तर साधं पुनर्मुद्रण घेऊ नका. त्यात रेषा स्वच्छ करून समास छाटलेला असतो. 'आर्टिस्ट एडिशन' प्रकारची पुस्तकं शोधा : मूळ पानं रंगीत स्कॅन करून मूळ आकारात छापलेली. खोडलेलं, चिकटवलेलं, कडेला लिहिलेलं, सगळं त्यात तसंच ठेवलेलं असतं.