लिंबायतच्या एका गल्लीत दिसलेला विरोधी पक्ष

गुजरातमध्ये काँग्रेस परत उभी राहील का हो, हा प्रश्न मला सगळीकडे विचारतात, कारण मी सुरतेत निवडणूक सर्व्हेचं फील्डचं काम करतो, टॅब घेऊन दारोदार फिरायचं आणि ठरलेले प्रश्न विचारायचे. मी कुठल्याच पक्षाचा नाही. पण सत्तेत कोणीही असो, समोर तगडा विरोधक पाहिजेच असं मला मनापासून वाटतं, आणि लिंबायतमधल्या त्या एका दिवसानंतर जास्तच वाटायला लागलंय.

2024 ची लोकसभा होऊन गेली होती. तेव्हा आमच्या शहराच्या एका भागात मतदान झालं आणि दुसऱ्या भागात झालंच नाही. सुरत मतदारसंघात काँग्रेस उमेदवाराच्या सूचकांनीच, म्हणजे फॉर्मवर सही करून त्याचं नाव सुचवणाऱ्यांनीच, लिहून दिलं की फॉर्मवरच्या सह्या आमच्या नाहीत, फॉर्म बाद झाला, बाकीच्यांनी माघार घेतली आणि भाजपचे मुकेश दलाल बिनविरोध खासदार. लिंबायत, उधना नवसारी मतदारसंघात येतं म्हणून इथल्या लोकांना बटण तरी दाबायला मिळालं, आणि निवडून आले सी. आर. पाटील, मूळचे आपल्या जळगाव जिल्ह्याचे. हा भागच खान्देशी लोकांचा, अमळनेर, शिरपूर, शिंदखेड्याहून आलेली घरं, माणसं लूमवर पाळी करणारी.

पावसाळ्यात मिठी खाडी भरली की इथल्या गल्ल्यांत पाणी शिरतं, खाडीपूर म्हणतात त्याला. आम्ही गेलो तेव्हा पाणी ओसरून थोडेच दिवस झाले होते, भिंतींवर गुडघ्याएवढी चिखलाची रेघ, गाद्या ओट्यावर वाळत घातलेल्या. अशा वेळी लोकांना मुख्यमंत्र्यांच्या कामावर समाधानी आहात का विचारायचं म्हणजे जिवावर येतं पण काम ते काम.

पहिल्या गल्ल्यांमध्ये उत्तरं सगळी सारखीच, कमळ, कमळ, कमळ. एका ताईंनी आतून भाजपच्या पेज समितीचं कार्ड आणून दाखवलं. मतदार यादीच्या एका पानावर साधारण 30 नावं असतात, ते पान सांभाळणाऱ्यांत ह्या ताई. त्यांची वही बघितली मी, कोण गावाला लग्नाला गेलंय, कुणाच्या नव्या सुनेचं नाव यादीत चढवायचंय, कोण वारलं, कोण घर बदलून डिंडोलीला गेलं, सगळं पेन्सिलने लिहिलेलं, खोडून पुन्हा लिहिलेलं. निवडणूक कुठलीच जवळ नव्हती आणि वही चालू होती! समोरच्या बाजूला असं कोण आहे म्हणून शेजारच्या मावशींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "मत मांगाले येतस, मंग कोन्ही येत नही."

दुपारनंतर मात्र एका गल्लीत उत्तरं बदलली. शेवटचा प्रश्न असतो, गेल्या सहा महिन्यांत कुठल्या पक्षाचा माणूस घरी आला होता का, आणि तिथे घरोघरी एकच नाव यायला लागलं, मोबाईल रिपेअरिंगवाला एक पोरगा. रेशनकार्डाचं केवायसी अडकलं की तो, दवाखान्याच्या कार्डाचा फॉर्म तो, पाणी भरलं तेव्हा कमरेएवढ्या पाण्यातून दुधाच्या पिशव्या आणि बीपीच्या गोळ्या घेऊन आला तो. पोरगा विरोधी पक्षाचा, पक्ष कुठला ते लिहीत नाही, त्याला उगाच त्रास नको. एका आजोबांनी मला टॅब खाली ठेवायला लावला आणि म्हणाले, "भाऊ, दिल्लीले मोदी, पन गटारले हाऊच पोऱ्या." त्या गल्लीत बऱ्याच जणांनी हेच सांगितलं, विधानसभा लोकसभेला कमळ, पण महानगरपालिकेला ह्याला देऊ.

मला वाटतं रस्ता असला तर हाच आहे. भाजप तरी इथे कसा वर आला? 1985 ला विधानसभेत काँग्रेसच्या 149 जागा होत्या आणि भाजपच्या फक्त 11. पण 1983 ला राजकोट आणि 1987 ला अहमदाबाद महानगरपालिका त्यांनी घेतली होती, मग 1990 ला 67, 1995 ला 121 आमदार. म्हणजे गटारापासून सुरू करून गांधीनगर. आता नुसती आघाडी करा म्हणणाऱ्यांनी 2022 च्या विधानसभेचे आकडे बघावेत, काँग्रेस 27 टक्के, आम आदमी पार्टी 13 टक्के, बेरीज 40 आणि भाजप एकटा 52 च्या वर. बेरजेने भागत नाही, मतं समोरून तोडून आणावी लागतात. आणि जिंकलेलं टिकवावंही लागतं, 2021 ला सुरतेत आपचे 27 नगरसेवक आले, काँग्रेसचा एकही नाही, पण पुढच्याच वर्षी विधानसभेला सुरतेतून आपचा एक आमदार आला नाही आणि त्या नगरसेवकांपैकी बरेच नंतर भाजपमध्ये गेले.

अशक्य नाही हे मात्र नक्की. त्रिपुरात 2013 ला भाजपचा एकही आमदार नव्हता, मतं दीड टक्का. भाजपचे प्रभारी, आपले मराठी सुनील देवधर तिथे जाऊन राहिले, लोकांची भाषा शिकले, आणि 2018 ला 60 पैकी 36 जागा. तिथे काँग्रेसची जवळजवळ सगळी मतं भाजपकडे वळली हेही आहेच, पण ती वळवून घ्यायला बूथवर माणूस उभा होता ना.

संध्याकाळी त्या पोराच्या दुकानात गेलो. काउंटरवर उघडलेले फोन, बाजूला मतदार यादीची झेरॉक्स, त्यावर त्याच्या खुणा, त्या ताईंच्या वहीसारख्याच. तिकीट मिळेल का विचारलं तर म्हणाला, "वरून अजून कोणी विचारलं नाही, आणि ऐनवेळी बाहेरचा पैसेवाला येईल बहुतेक."

रात्री ऑफिसमधून फोन, समाजनिहाय आकडे आधी पाठव, रिमार्क नंतर बघू. मी दोन्ही एकदमच पाठवलं. रिमार्कमध्ये लिहिलं की ह्या पोराला तिकीट द्या, हरला तरी पाच वर्षं इथेच राहू द्या, खाडीचा प्रश्न त्याच्याच तोंडून मांडू द्या, आणि पुढच्या गल्लीत असाच दुसरा शोधायला आजपासून माणूस लावा.