ती ‘फक्त’ कांड्या भरते

नाशिकहून निफाड-विंचूरमार्गे येवला साधारण 80 किलोमीटर. कांद्याचा हंगाम असेल तर विंचूरला ट्रॅक्टरांच्या रांगेत अर्धा तास जाणार हे धरूनच निघावं. सुट्टीच्या दिवशी येवल्यात पैठणी बघणाऱ्यांची एवढी झुंबड असते की मागाजवळ उभंही राहता येत नाही, म्हणून आम्ही बुधवारी गेलो. ते एक बरं केलं.

दुकानाच्या मागच्या खोलीत दोन खड्डामाग होते, म्हणजे विणकराने खड्ड्यात पाय सोडून चालवायचे हातमाग. दुकानातला माणूस पैठणीवरच्या नक्षींची भराभर माहिती सांगत होता: हा मोर, ही बांगडी, ही नारळी, ही आसवली. दाराजवळ, उजेडाच्या तिरीपेत, पोत्यावर बसून एक विशी-बाविशीची मुलगी रहाट फिरवत होती. तिच्याकडे बोट करून मी विचारलं, “आणि या?” तो म्हणाला, “ती फक्त कांड्या भरते. विणकाम इकडे आहे, इकडे या.”

त्या ‘फक्त’पाशीच माझं बिनसलं. पुढचा तासभर मी मोराकडे पाहिलंच नाही, तिच्यापाशी बसले.

कांडी भरणं म्हणजे नेमकं काय, ते सांगते. विणताना बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा धोट्यातून इकडून तिकडे फेकतात. त्या धोट्यात बसणारी धाग्याची छोटी नळी म्हणजे कांडी. रंगवून वाळवलेली रेशमाची लड असारीवर, म्हणजे लड उलगडायच्या फिरत्या चौकटीवर, चढवतात. लडीचं टोक शोधून कांडीला गुंडाळतात आणि कांडी रहाटाच्या चातीवर, म्हणजे फिरणाऱ्या सळईवर, बसवतात. उजव्या हाताने चाक फिरतं, डाव्या हाताच्या अंगठ्या-तर्जनीतून धागा सरकतो. सगळं कसब त्या डाव्या चिमटीत. चिमूट सैल पडली तर कांडी पोकळ भरते आणि धोटा फेकल्यावर धाग्याची वेटोळी एकदम घसरून गुंता होतो. चिमूट आवळली तर रेशीम ताणलं जातं, विणताना बाणा आखडतो आणि काठ आत ओढला जातो. काठ सरळ येत नाही म्हणून विणकराला बोल बसतो. दोष कित्येकदा कांडीत असतो.

शिवाय धागा कांडीभर सरसकट गुंडाळून चालत नाही. बुडापासून सुरुवात करून छोटे छोटे उतार देत टोकाकडे सरकायचं, म्हणजे विणताना धागा टोकावरून अलगद सुटतो. टोकाला थोडी जागा मोकळी सोडायची. कांडी जाड झाली तर धोट्याच्या खोबणीत घासते, बारीक राहिली तर विणकराला सारखं थांबावं लागतं. धागा तुटला तर गाठ लहान आणि घट्ट हवी, शेपूट कापलेलं हवं. बाण्यातली जाड गाठ कापडावर मोहरीच्या दाण्यासारखी उठून दिसते. पदरावरच्या नक्षीला तर प्रत्येक रंगाच्या तुकड्यासाठी धाग्याची वेगळी छोटी तिल्ली, म्हणजे बारकी कांडी, लागते. “मोर असला ना ताई, तर तिल्ल्यांचं दुकानच मांडावं लागतं,” ती हसून म्हणाली. हात थांबले नाहीत.

तिच्या शेजारी भरलेल्या कांड्यांवर ओलं फडकं होतं. एप्रिलमधली नाशिक जिल्ह्याची कोरडी हवा धाग्याची वैरी आहे. हा ओलाव्याचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

कापडाच्या इतिहासात हे ‘फक्त’ फार जुनं आहे. मुंबईत कावसजी दावर यांनी 1854 मध्ये पहिली कापड गिरणी काढली, 1856 मध्ये ती चालू झाली. त्यानंतरच्या गिरण्यांत बायका होत्या, पण साच्यांवर, म्हणजे गिरणीतल्या मागांवर, जवळजवळ नव्हत्या. साचेखातं पुरुषांचं. बायका रिलिंगला, म्हणजे सुताच्या लडी करायला, आणि वाइंडिंगला, म्हणजे सूत गुंडाळून भरायला. येवल्याच्या पोत्यावर जे चाललं होतं, तेच काम वाफेवर चालणाऱ्या गिरणीत.

रिलिंगचा हिशेब बघा, म्हणजे ‘फक्त’ किती पोकळ आहे ते कळेल. कातलेलं सूत रिळावर गुंडाळून त्याच्या लडी करायच्या. रिळाचा घेर 54 इंच, म्हणजे दीड यार्ड. 80 फेऱ्या झाल्या की 120 यार्डांची एक ली, अशा सात ली मिळून 840 यार्डांची एक लड. एका पौंडात जितक्या लडी बसतात तितका सुताचा नंबर. 20 नंबरी सुताचा एक पौंड म्हणजे 16,800 यार्ड, पंधरा किलोमीटरहून जास्त. 10 पौंडांच्या गठ्ठ्यात 200 लडी. एका रिळावर साधारण 40 लडी एकदम निघतात, म्हणजे बाईने 40 धाग्यांवर एकाच वेळी नजर ठेवायची. मधला एक तुटला आणि दोन क्षण उशिरा दिसला, तर ती लड आखूड. रोजंदारी नव्हे, कामावर पैसे. आखूड लडीचा तोटा तिच्याच पदरी.

हे सूत मोठ्या प्रमाणात चीनला जायचं. मुंबईच्या गिरण्यांची पहिली भरभराट त्या बाजारावर झाली आणि तो माल बाहेर पडायचा तो या बायकांच्या हातून बांधलेल्या लडींच्या रूपात. पुढे जपानी सुताने तो बाजार खाल्ला आणि रिलिंग आटलं. त्यानंतर वेगवान वाइंडिंग मशीन आल्या, तशा वाइंडिंगमधल्या बायकाही कमी होत गेल्या.

या बायकांना कामावर घेणारी, काढणारी आणि चिरीमिरी घेणारी होती नायकीण. पुरुष खात्यांत जॉबर म्हणजे मुकादम, इकडे नायकीण. 1891 च्या फॅक्टरी कायद्याने स्त्रियांचे कामाचे तास दिवसाला 11 वर आणले, मध्ये दीड तासाची विश्रांती. 11 तासांची मर्यादा ही सुधारणा होती, यावरून आधीचं काय ते समजावं. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1890 मध्ये भरवलेल्या कामगारांच्या मोठ्या सभेत दोन स्त्रियाही बोलल्या, आणि त्याच वर्षी रविवारची सुट्टी मिळाली. आज रविवारी येवल्याला गर्दी करणाऱ्या आपल्या सगळ्यांच्या सुट्टीत त्यांचा वाटा आहे. 1929 मध्ये मुंबई प्रांतात प्रसूती लाभाचा कायदा झाला. तोवर तान्ह्या लेकराला अफूची बाळागोळी चाटवून निजवायचं आणि भोंग्याला गिरणीत शिरायचं, हे अनेकींचं रोजचं होतं. आईपणात कसूर केली म्हणून त्यांना बोल लावलेले मी वाचलेत. पाळणाघर न देणाऱ्याला कोणी बोल लावला नाही याचा मला राग येतो.

आता थोडं लांब, अमेरिकेतल्या लॉवेलला. गिरणीतल्या तरुण मुली म्हटलं की जगभर त्या गावाचं नाव निघतं. मॅसॅच्युसेट्समधल्या या गावात 1820 च्या दशकात गिरण्या उभ्या राहिल्या आणि आसपासच्या शेतकऱ्यांच्या लग्न न झालेल्या मुली तिथे भरती झाल्या, बहुतेक पंधरा ते तिशीच्या आतल्या. आपल्याकडच्या गिरण्यांत बायका बहुतेक लग्न झालेल्या किंवा विधवा, घरादारासह चाळीत राहणाऱ्या. तिकडच्या मुली कंपनीच्या वसतिगृहात, रात्री दहाला दार बंद. आठवड्याला सरासरी 73 तास काम. आणि महत्त्वाचं म्हणजे, तिथे मुली साच्यांवर होत्या. विणकाम त्यांचंच. बायकांचा हात साच्याला चालत नाही, असं मुंबईत ज्यांना वाटलं त्यांनी हे बघायला हवं होतं.

ओलाव्याचा मुद्दा इथे परत येतो. कोरड्या हवेत सुताचा धागा तुटतो, म्हणून लॉवेलमध्ये उन्हाळ्यातही खिडक्या बंद ठेवायचे आणि वर वाफ सोडायचे. तंतूंनी भरलेली दमट, कोंदट हवा मुलींच्या छातीत जायची. धोट्यात नवी कांडी घातली की धागा धोट्याच्या भोकातून बाहेर काढायला भोकाला ओठ लावून ओढून घ्यायचा, दिवसभर, तोच धोटा चारचौघींच्या तोंडाला. तंतू आणि रोग दोन्ही आत. मॅसॅच्युसेट्समध्ये ही पद्धत कायद्याने बंद व्हायला 1911 उजाडलं. धोट्याच्या भोकाला बाजूने चीर दिली की धागा हाताने ओवता येतो. उपाय एवढा साधा होता.

पण त्या गप्प बसल्या नाहीत. 1834 मध्ये मजुरी कापायचं ठरलं तेव्हा मुली काम सोडून रस्त्यावर आल्या. 1836 मध्ये वसतिगृहाचा खर्च वाढवला तेव्हा पुन्हा, आणि आणखी मोठ्या संख्येने. 1840 च्या दशकात सारा बॅगली यांच्या पुढाकाराने स्त्री कामगारांची संघटना उभी राहिली आणि दहा तासांच्या दिवसासाठी सह्यांचे अर्ज विधिमंडळापर्यंत गेले. मतदानाचा हक्क मिळायला अजून सत्तरहून जास्त वर्षं होती.

वसतिगृहावरून गिरणगावातल्या खानावळी आठवल्या. तिथे एकट्या पुरुष कामगारांना जेवू घालणाऱ्या बायका गिरणीच्या हजेरीपटावर नव्हत्या, पण गिरणी त्यांच्या डब्यावर चालत होती. 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी त्यांची अन्नपूर्णा महिला मंडळात संघटना बांधली. तेही ‘फक्त स्वयंपाक’.

दुसऱ्या दिवशी मनमाडवरून मालेगावला गेलो. यंत्रमागांचा खडखडाट, बोलायला खुणा कराव्या लागतात, उकाडा. कांडी मशीन पाहिली. नाशिकला परतताना चांदवडच्या घाटात चहा, बाकी काही सांगण्यासारखं नाही.

येवल्याला जाणार असाल तर दुकानात शिरल्यावर आधी विचारा की कांड्या कोण भरतं. सकाळी दहाच्या आत जा. दारातून उजेड येतो तोवर रहाट चालतो, नंतर उन्हाच्या झळा लागतात म्हणून दार लोटून घेतात. मुलगी कामात असताना फोटोसाठी चाक थांबवायला सांगू नका, ताण बिघडतो आणि ती कांडी उकलावी लागते. आणि पैठणीची किंमत खाली आणायला घासाघीस करताना ते पैसे आधी कोणाच्या मजुरीतून कापले जातील, याचा विचार करा. मी स्वतः पूर्वी घासाघीस केली आहे. या वेळी जमलं नाही.

मी निघायला उठले तेव्हा मागावरच्या काकांची कांडी संपत आली होती. मान वर न करता त्यांनी डावा हात मागे केला. तिने चाकावरची नजर न हलवता ओल्या फडक्याखालून एक कांडी काढून त्यांच्या तळव्यावर ठेवली. काकांनी ती बोटांनी एकदा दाबून पाहिली आणि धोट्यात घातली.