अभ्यासिकेचा रंग, नोंद तिसरी : छटा ठरली

मागच्या नोंदीनंतर पंधरा दिवस गेले आणि एवढ्या काळात प्रत्यक्ष भिंतीवर रंगाचा एक हातही चढला नव्हता, याची मला आधी कबुली द्यायला हवी. दोन भिंतींची पुट्टी घासून त्यांवर प्रायमर झाला आहे आणि उरलेल्या दोन भिंती अजून जुन्या पिस्ता रंगातच आहेत. खोली चार मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि २.८ मीटर उंच असून तिला एकच खिडकी आहे. त्या खिडकीतून उजेड भरपूर येतो, पण थेट ऊन कधीच येत नाही. शेडकार्डातल्या शेकडो छटांमधून गाळत गाळत मी हस्तिदंती, फिका राखाडी आणि शेवाळी अशा तिघांपर्यंत आलो होतो, आणि खरे सांगायचे तर मनाने राखाडीच्या बाजूने कौल दिलेला होता.

नमुन्याचे छोटे डबे आणल्यावर उत्साहाच्या भरात मी तिन्ही छटांचे वीतभर चौकोन थेट जुन्या पिस्ता भिंतीवर रंगवले, आणि ही या टप्प्यावरची माझी सर्वांत मोठी चूक ठरली. राखाडी चौकोन गुलाबीसर दिसू लागला. डबा चुकीचा आला असावा, असे वाटून मी शेडकार्ड शेजारी धरून पाहिले, तर त्याच पिस्ता पार्श्वभूमीवर कार्डावरचा राखाडीही तितकाच गुलाबी भासत होता. हिरव्याच्या सान्निध्यात करडा रंग त्याच्या विरोधी रंगाकडे, म्हणजे लालसर छटेकडे, झुकलेला दिसतो. पॅरिसच्या गोब्लँ या भित्तिपट विणणाऱ्या कारखान्यात रंगाईचे काम पाहणाऱ्या शेव्हरल या रसायनशास्त्रज्ञाकडे काळा धागा फिका पडत असल्याची तक्रार आली होती. दोष धाग्याच्या रंगाईत नसून त्याच्या शेजारी विणलेल्या निळ्या-जांभळ्या रंगांमुळे डोळ्याला होणाऱ्या भासात आहे, हे त्याने शोधून काढले आणि १८३९ मध्ये त्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. माझ्या पिस्ता भिंतीने तोच धडा मला फुकटात दिला.

त्यानंतर मी जाड पांढऱ्या पुठ्ठ्याच्या फळ्या कापल्या आणि प्रत्येकीवर अगदी कडेपर्यंत दोन हात दिले. कडेला पांढरी पट्टी ठेवली की छटा आहे त्यापेक्षा गडद वाटते, म्हणून कडेपर्यंत. ओला इमल्शन वाळल्यावर सहसा थोडा गडद होतो, त्यामुळे फळ्या रात्रभर तशाच ठेवून दुसऱ्या दिवशी पाहायला घेतल्या. प्रत्येक छटेच्या दोन फळ्या केल्याचा पुढे फार उपयोग झाला, कारण त्या काटकोनात जोडून खोलीचा कोपरा उभा करता आला. एका फळीवरचा प्रकाश दुसरीवर पडून परत येतो तेव्हा रंग दाट होतो, आणि त्यामागचा हिशेब सोपा आहे. एखादी छटा हिरवा प्रकाश ७० टक्के आणि तांबडा ६० टक्के परत फेकत असेल, तर एका परावर्तनानंतर हिरवा तांबड्याहून सुमारे १७ टक्क्यांनी वरचढ राहतो. दोन परावर्तनांनंतर हेच आकडे ४९ आणि ३६ होतात व फरक ३६ टक्क्यांवर जातो. शेडकार्डावर सौम्य वाटलेला रंग चारही भिंतींना लागल्यावर अंगावर का येतो, याचे मोठे कारण हेच आहे.

फळ्या मी सकाळी आठ, दुपारी एक आणि रात्री आठ अशा तीन वेळांना पाहत गेलो. दिवसा राखाडी सुरेख दिसत होता, शांत आणि स्वच्छ. रात्री दिवा लावला आणि तो फिकट जांभळा झाला. डब्याच्या झाकणावरच्या चिठ्ठीत कलरंटची, म्हणजे छटा आणण्यासाठी मिसळलेल्या रंगद्रव्यांची, यादी असते. ती मी तेव्हा प्रथमच नीट वाचली, आणि काळ्याबरोबर त्यात जांभळा कलरंटही असल्याचे लक्षात आले. माझा दिवा २७०० केल्विनचा, म्हणजे पिवळसर उजेडाचा, आहे आणि त्याच्या प्रकाशात तांबडा अंश पुष्कळ असतो, त्यामुळे दिवसा काळ्याआड दडलेली जांभळ्यातली लाली रात्री उघडी पडते. ४००० केल्विनचा दिवा लावून पाहिला, तेव्हा जांभळेपण बरेच ओसरले. पण वाचनाच्या खोलीत तो पांढरा उजेड मला सोसवेना. भिंतीच्या हट्टापायी दिवा बदलायचा, हे पटले नाही. ही खोली मी वापरतो ती मुख्यतः संध्याकाळी सातनंतर, म्हणून रात्रीचा रंग हाच तिचा खरा रंग मानायचा, असे मी ठरवले आणि राखाडी तिथेच बाद झाला.

हस्तिदंतीबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही. पिवळ्या दिव्याखाली तो जुन्या कागदासारखा दिसला.

शेवाळी दोन्ही उजेडांत टिकला, मात्र काटकोनात तो जड वाटला. शेडकार्डामागे त्याच्या प्रकाशपरावर्तनाचा आकडा शंभरापैकी ५८ छापलेला आहे आणि थेट ऊन न येणाऱ्या खोलीला तो कमीच म्हणायचा. म्हणून मी तीच छटा निम्म्या कलरंटमध्ये करून घेतली. सगळे कलरंट सारख्याच प्रमाणात घटवल्यामुळे छटेचा झोक जवळपास तोच राहिला आणि कोपऱ्यातला जडपणा गेला. कलरंट निम्मा केला म्हणून रंग डोळ्याला नेमका निम्मा दिसत नाही, त्यामुळे त्याचीही फळी करून पाहणे आवश्यक होते.

फिनिश मॅटच घेतला आहे, कारण खिडकीतून भिंतीवर तिरपा प्रकाश पडतो आणि चकाकीचा रंग माझ्या पुट्टीतले सगळे उंचवटे चव्हाट्यावर आणेल. दार-खिडकी वजा जाता भिंतींचे क्षेत्रफळ सुमारे ३५ चौरस मीटर भरते. डब्यावर एका हातासाठी लिटरमागे १० ते १२ चौरस मीटर लिहिलेले आहे, म्हणजे दोन हातांना सहा ते सात लिटर लागेल. त्यासाठी घेतलेले दोन्ही डबे वेगवेगळ्या वेळी मशीनवर तयार झाले असल्यामुळे ते मोठ्या बादलीत एकत्र ढवळून घेणार आहे, नाहीतर भिंतीच्या मधोमध डबा बदलल्याची रेघ दिसायची.

उरलेल्या दोन भिंती या आठवड्यात घासून होतील. छताच्या पांढऱ्यासाठी दोन फळ्या कालच रंगवल्या आहेत आणि त्यांतली एक शेवाळीशेजारी आत्ताच निळसर दिसू लागली आहे.