यंदा घट आमच्याकडे बसले

आमच्या घराण्याचे घट माढा तालुक्यातल्या गावी, थोरल्या काकांकडे बसायचे. आम्ही पुण्यात. दसऱ्याला गावी जायचं, देवीच्या पाया पडायचं, सोनं वाटून परत यायचं, एवढंच आमचं नवरात्र. 2025 मध्ये काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांनी फोनवर सांगूनच टाकलं, "यंदा घट तुझ्याकडे बसव. मला आता खाली बसवत नाही." मी लगेच हो म्हणालो. बायकोने विचारलं, "दिवसभर दिव्यापाशी कोण असणार?"

काय काय करायचं ते कुठे लिहिलेलं नव्हतं. मी वही घेऊन फोनवर बसलो. काकू म्हणाल्या, माती परडीत घालायची. आत्याच्या सासरी पत्रावळीवर घालतात. काकूंकडे उठता-बसता उपवास, म्हणजे पहिला आणि शेवटचा. आत्याकडे सगळे दिवस. कुणाचे घट नवमीला हलतात, कुणाचे दसऱ्याला. ओळखीच्या गुरुजींना विचारलं तर ते म्हणाले, "तिथी आणि मुहूर्त पंचांगात बघा, बाकी तुमच्या कुळाचाराप्रमाणे करा." म्हणजे चेंडू परत माझ्याकडे. मग ठरवलं की काकू सांगतील तेच धरायचं, दुसऱ्या कुणाला विचारायचंच नाही. पहिल्यांदा घट बसवणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगेन. सगळ्यांचं ऐकलं तर घट बसायच्या आधी डोकं उठतं. (ऑफिसच्या ग्रुपवर फिरणारे नऊ रंग काकूंच्या यादीत नव्हतेच. ते वर्तमानपत्रांनी अलीकडे रुजवले. हौस म्हणून छान आहेत.)

माती काकूंनी शेतातलीच पाठवली. चुलतभाऊ सर्वपित्रीच्या आधी पुण्याला येणार होता, त्याच्याबरोबर पिशवीभर काळी वावरी आली. ती चाळून घेतली. सात धान्यं आदल्या रात्री भिजवली. "गहू-ज्वारी जास्त घाल, कडधान्य बेतानं. ते कुजतं," हेही काकूंचंच.

घटासाठी मी तांब्याचा कलश काढून ठेवला होता, पण काकू मातीच्या घटावर अडून बसल्या. कारण दोन दिवसांत दिसलं. कोरा मातीचा घट पाझरतो. आतलं पाणी हळूहळू बाहेर येऊन भोवतालची माती ओली ठेवतं. आपण रोज आत थोडं पाणी भरायचं, बस. धातूचा कलश असला की वरून पाणी घालावं लागतं आणि ते हमखास जास्त होतं.

22 सप्टेंबरला, आश्विन शुद्ध प्रतिपदेला, सुट्टी टाकली. आमची कुलस्वामिनी तुळजाभवानी. भाद्रपद वद्य अष्टमीपासून ती तुळजापुरात मंचकी निद्रेत असते. प्रतिपदेला सिंहासनावर येते आणि मग तिथे घट बसतात. तिथले घट बसल्याशिवाय आपले बसवायचे नाहीत ही काकूंची शिस्त, म्हणून आम्ही दुपारपर्यंत थांबलो. परडीत माती आणि धान्याचे थर, मधोमध घट, घटात पाणी, सुपारी, नाणं, हळद-कुंकू, दूर्वा. तोंडाशी विड्याची पानं, त्यावर नारळ. देव्हाऱ्यातले टाक शेजारी ताम्हनात विड्याच्या पानांवर ठेवले. एकदा बसले की देव हलवायचे नाहीत, अभिषेक नाही, फुलाने पाणी शिंपडायचं फक्त. रोजची पूजा त्यामुळे उलट सोपी होते.

सोपा नव्हता तो अखंड दिवा.

कुळाचारात माझ्या मते खरी परीक्षा तेवढीच आहे. कापसाची लांब, जाड वात, पसरट पितळी दिवा, तिळाचं तेल, खाली वाळू घातलेलं स्टीलचं ताट, भोवती काच. पडदे काढून ठेवले, त्या खोलीचा पंखा बंद केला. सप्टेंबरातल्या उकाड्यात तिथेच गादी टाकून मी झोपायचो. दर काही तासांनी काजळी झाडायची, वात पुढे सारायची, तेल घालायचं. काजळी झाडताना ज्योत जाऊ शकते, म्हणून आधी त्याच ज्योतीवर एक निरांजन लावून घ्यायचं आणि मगच मोठ्या दिव्याला हात लावायचा. ही युक्तीही गावाकडचीच. दिवा विझला तर काय, हे मी पहिल्याच दिवशी विचारून घेतलं होतं. काकू म्हणाल्या, "परत लावायचा, देवीला नमस्कार करायचा. वारा काय आपल्या हातात असतो का?" या एका वाक्यावर मी पुढचे दिवस काढले.

दिवसा मात्र दिवा पेटता ठेवून घराला कुलूप लावायचं नाही, हे आम्ही नवरा-बायकोने आधीच ठरवलं होतं. काही दिवस मी घरून काम केलं, काही दिवस तिने, आणि ज्या दिवशी दोघांनाही जाणं भाग होतं त्या दिवशी माझी आई येऊन बसली. तिचं त्या निमित्ताने सप्तशतीचं वाचन झालं. तेरा अध्याय, तिने रोज थोडे थोडे केले. मी फक्त पाचवा तिच्याबरोबर म्हणायचो, "या देवी सर्वभूतेषु"चा, कारण तोच लहानपणापासून कानात आहे.

माळेचं वेगळंच. रोज एक माळ घटावर सोडायची, तर फ्लॅटच्या छताला कडीच नाही. शेवटी कपडे वाळत घालायच्या स्टँडची दांडी वापरली. त्यात एक धोका आहे तो सांगून ठेवतो. जुन्या माळा काढत नाहीत, त्या वाळत जातात, आणि वाळलेली शेवंती ज्योतीजवळ फार लवकर पेट घेईल. दिवा घटाच्या समोर नको, चांगला हातभर बाजूला हवा. त्यातच त्या वर्षी एक तिथी वाढली होती. घट बसल्यापासून दसऱ्यापर्यंत, 2 ऑक्टोबरपर्यंत, नेहमीपेक्षा एक दिवस जास्त. माळा नऊ की दहा, यावर आमच्याकडे बरीच चर्चा झाली. गुरुजींनी ती एका वाक्यात संपवली, "दिवस उगवला की माळ चढवा."

आणि याच दिवसांत गावाकडे पाऊस पडत होता. सीना नदीला पूर आला. मराठवाड्यात आणि सोलापूर जिल्ह्यात त्या आठवड्यात काय झालं ते सगळ्यांनी बातम्यांत पाहिलं. आमचं घर उंचावर, ते वाचलं. शेतात पाणी शिरलं, काढणीला आलेलं सोयाबीन त्यात गेलं. फोन लागायचा तेव्हा काकू आधी विचारायच्या, "धान वर आलं का?" मी फोटो पाठवायचो. अंधाऱ्या कोपऱ्यात ऊन न लागल्यामुळे गहू हिरवा होत नाही, पिवळाधमक वाढतो. घटाभोवती वीतभर झाला होता. ज्या रानातली ती माती, ते रान तेव्हा पाण्याखाली होतं. फोटो पाहून काका बऱ्याच वेळाने म्हणाले, "गहू चांगला दिसतोय. रब्बी बघू." धान कसं येतं त्यावरून रानाचा अंदाज बांधायचा, अशी जुनी समजूत आमच्याकडे आहे. मी आजवर ती केवळ ऐकली होती.

कडाकण्यांचा, म्हणजे देवीवर टांगायच्या तळलेल्या खुसखुशीत चकत्यांचा, फुलोरा बायकोने केला. माझ्या हातच्या कडाकण्या तळताना फुगून पुऱ्या झाल्या, त्या आम्ही खाऊन टाकल्या. अष्टमीचा होम आमच्याकडे नाही, त्यामुळे तो प्रश्न आला नाही. नवमीला पुरण, पुरणाच्या दिव्यांची आरती.

दसऱ्याला आरती करून घट हलवले. धान कापून आधी देवाला वाहिलं. आईने थोडं केसात माळलं, मी काकांसारखं टोपीत खोवलं. बाजारात सोनं म्हणून जे मिळालं ती बहुतेक कांचनाची पानं होती, आपट्याची पानं त्याहून लहान आणि जाड असतात. गावी जाणं त्या वर्षी झालंच नाही. फोनवरच नमस्कार केला.

गावी घटाची माती नदीला सोडतात. इथे कुठे सोडायची, म्हणून काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, "पाण्यात नको सोडू बाबा यंदा. नदीनं बांधाकडची सगळी खरवडून नेलीय. तुळशीत घाल." तुळशीत मावली तेवढी घातली. उरलेली पिशवीत बांधून ठेवली आणि दिवाळीला गावी नेऊन बांधाशी टाकली.