डब्याची तीन भोकं आणि कोयनेची भिंत

शाळेच्या आठवणी म्हटल्यावर स्नेहसंमेलनं, खो-खोचे सामने, यांबद्दल बाकीचे लिहितीलच. मला आठवतो तो सातवीतला भूगोल, आणि त्यातही कोयना धरण. पुस्तकात त्यावर जेमतेम एक परिच्छेद होता. सरांनी आठवडा काढला. (पोर्शन मागे पडला म्हणून बोलणीही खाल्ली असणार.)

निमित्त झालं एकाच्या शंकेचं. "सर, कोयनेचा शिवसागर जलाशय पार तापोळ्यापर्यंत पसरलाय, पन्नासेक किलोमीटर. एवढं पाणी रेटतंय, मग भिंत ढासळत कशी नाही?" दुसऱ्या दिवशी सर गोडेतेलाचा रिकामा डबा घेऊन आले. खिळ्याने एकाखाली एक तीन भोकं पाडली, डबा टेबलाच्या कडेला ठेवून भरला आणि आम्हाला भोकांवर धरलेली बोटं काढायला सांगितली. वरची धार जवळच पडली, तळाची थेट पहिल्या बाकावर. पाण्याचा रेटा खोलीवर ठरतो, पसाऱ्यावर नाही. जलाशय पाचच किलोमीटर असता, पण भिंतीशी तितकाच खोल, तरी तिच्यावरचा भार तोच! म्हणून 103 मीटर उंचीची ती भिंत माथ्याशी निमुळती आणि पायाशी कितीतरी रुंद. आपल्या वजनावरच ती पाय रोवून उभी आहे.

11 डिसेंबर 1967च्या पहाटे भूकंपाने कोयनानगर उद्ध्वस्त केलं, दीडशेहून अधिक माणसं गेली. भिंतीला तडे गेले, पण ती टिकली. पुढे काँक्रीटचे टेकू देऊन ती मजबूत केली. सर हे सांगत असताना मागच्या बाकावरून आवाज आला, "आमचं शेत पाण्याखाली हाय, सर." सरांनी त्याला नकाशापाशी बोलावलं. तिथे नुसता निळा रंग होता. त्याने त्यावरच खडूने आजोबांचं गाव काढलं: देऊळ, ओढा, वाट. नकाशा शाळेचा होता, तरी सर काही बोलले नाहीत.

मला सगळ्यात नवल वाटलं ते पाण्याच्या वाटेचं. कोयना कराडला कृष्णेला मिळते, म्हणजे जायची बंगालच्या उपसागराला. पण शिवसागराचं बरंचसं पाणी बोगद्यातून सह्याद्रीच्या पलीकडे नेतात, पोफळीला साडेचारशे मीटरहून खाली सोडून वीज करतात, आणि मग ते वाशिष्ठीतून अरबी समुद्राला जातं.

हल्ली पावसाळ्यात टीव्हीवर 'कोयनेचे दरवाजे उचलले' असं आलं की भाचा विचारतो, "एवढं पाणी सोडून का देतात, मामा? उन्हाळ्यात लागेल की." मी सरांचंच उत्तर देतो. धरणात मावतं सुमारे 105 टीएमसी, म्हणजे 105 अब्ज घनफूट पाणी. जुलैतच काठोकाठ भरलं, तर ऑगस्टचा पाऊस ठेवायला जागा कुठे? मग आलं तेवढं सगळं एकदम कराड-सांगलीकडे सोडावं लागणार. म्हणून जुलैत भरलेल्या धरणापेक्षा सप्टेंबरअखेर भरलेलं धरण सरांना जास्त पसंत असे.